‘भरपाई, असल्यास’

साथ ओसरते, साथीच्या भयात लिहिलेला कायदा मात्र मागे उरतो. म्हणून तो कोणाच्या सोयीने लिहिला गेला, हे आपण तपासले पाहिजे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमे! दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दिला, तिसऱ्याने नियम मोडणाऱ्यास शिक्षा ठरवली, आणि चौथ्याने सद्‌हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही असे सांगितले. म्हणजे ज्याची झोपडी जाळली, ज्याचे भांडेकुंडे रस्त्यावर फेकले, त्याने दाद मागायची कोठे? दुसऱ्या कलमात भरपाईचा उल्लेख आहे. पण ‘असल्यास’ या शब्दासह. हक्क आणि मेहेरबानी यांतले सारे अंतर त्या एका शब्दात आहे.

त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात गेल्या आणि 10 मार्च 1897 रोजी स्वतः प्लेगला बळी पडल्या. कायद्याला रुग्णात धोका दिसला. त्यांना माणूस दिसला.

मार्च 2020 मध्ये कोरोना रोखण्यासाठी महाराष्ट्राने हाच कायदा बाहेर काढला. मे महिन्यात नवी मुंबईतील वाशीची बाजार समिती काही दिवस बंद राहिली. तेथील नोंदीत हमालाच्या पाठीशी निदान 1969 चा माथाडी कायदा होता. तो भयातून नव्हे, अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील कामगारांच्या लढ्यातून आला होता. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर, कचरा वेचणारी बाई यांच्या बुडालेल्या रोजीबद्दल साथरोग कायद्यात एक ओळही नव्हती.

भरपाई लिहिता येत नाही, असे नाही. 2020 च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याकडून भरपाई, आणि मालमत्तेची नासधूस झाल्यास बाजारभावाच्या दुप्पट रक्कम, असे स्पष्ट कलम घातले. ते योग्यच झाले. मग शासनाच्या आदेशाने ज्याची चूल विझते, त्याच्यासाठी असे कलम का नसावे?

पुढचा मसुदा साथ येण्याआधी, शांतपणे लिहिला जावा. त्यात बुडालेल्या मजुरीचा मोबदला, सक्तीविरुद्ध अपील आणि ते ऐकण्याची मुदत ही तीन कलमे असावीत. आणि ‘असल्यास’ हा शब्द काढून टाकावा.