करवंदीची जाळी कशी ओळखावी?

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला ‘करौंदा’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘करवंद’ म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर करवंदीच्या काटेरी जाळ्या जागोजागी दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांवर काळी, गोड करवंदे पिकतात.

एकदा सुट्टीत मी काही मुलांना घेऊन डोंगरावर गेलो होतो. एका मुलाने रुमालात काळी फळे गोळा करून आणली. “सर, करवंदे!” तो आनंदाने म्हणाला. पाहतो तर ती घाणेरीची फळे! त्यांत काही हिरवी, कच्चीही होती. घाणेरीची कच्ची फळे विषारी असतात. नशीब, त्याने एकही तोंडात टाकले नव्हते. झुडपाला काटे आहेत आणि फळ काळे आहे, एवढेच पाहून तो फसला होता.

मग काय पाहावे? माझ्या मते आधी पान पाहावे. करवंदीचे पान जाड, गुळगुळीत व चकचकीत असते. घाणेरीचे पान खरखरीत, दातेरी कडांचे असते आणि ते चुरगळले की उग्र वास येतो. तिचे नावच त्यावरून पडले आहे! आता काटे पाहा. करवंदीचे काटे लांब, सरळ आणि जोडीने असतात. काही काटे टोकाशी दुभंगलेले असतात. घाणेरीचे काटे बारीक व वाकडे असतात आणि तिची फांदी चौकोनी असते. बोरीचे काटेही जोडीने येतात, पण त्यांतला एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा असतो.

करवंद तोडले की देठातून पांढरा चीक येतो. ‘चीक असलेले झाड विषारी’ असे काही लोक सांगतात. रुईच्या, म्हणजे ‘आक’च्या बाबतीत ते खरे आहे. पण चीक तर अंजिरालाही असतो! म्हणून केवळ चिकावरून काही ठरवू नका.

जाळीवर कधी कधी गुंजेचा वेल चढलेला असतो. त्याला काटे नसतात. पाने चिंचेच्या पानांसारखी दिसतात. शेंगा वाळून फुटल्या की आतून लालभडक बिया डोकावतात. प्रत्येक बीवर एक काळा ठिपका असतो. पूर्वी सराफ याच बियांनी सोने तोलत. ‘रत्ती’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेच. पण ही सुंदर बी चावून खाल्ली, तर जिवावर बेतते. विषाचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो. म्हणून कोणी ती खाल्लीच, तर त्रास होण्याची वाट न पाहता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि एक बी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.