वळण कुणाच्या हाताचे?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत पूर्वी पेंटरने रंगवलेल्या पाट्या असत. अक्षराच्या वळणावरून पाटी कुणाच्या हातची, हे जाणकार ओळखत. पुढे फ्लेक्स आला आणि वळणे पुसट झाली.

ती उणीव भरायला आता हस्ताक्षरासारखे फाँट आले आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा त्यांतलाच एक. किंचित उजवीकडे झुकलेला, पेनाने सहज लिहिल्यासारखा. बारीक, मध्यम आणि ठळक अशा तीन जाडींत तो फुकट मिळतो. बारशाचे आमंत्रण, मुलांच्या गोष्टीचे पुस्तक, खानावळीचा फलक यांवर तो शोभतो. पानभर मजकुराला मात्र सरळ, साधा फाँटच बरा. डोळे शिणत नाहीत.

पण फाँटमधला ‘क’ दहादा छापला तरी दहाही वेळा तोच. हाताने काढलेला प्रत्येक ‘क’ थोडा निराळा. कमल शेडगे (निधन २०२०) तर नाटकाचा स्वभाव पाहून त्याच्या नावाची अक्षरे घडवीत.

तेव्हा लग्नपत्रिकेचा मजकूर खुशाल संगणकावर जुळवा. वधू-वरांची नावे तेवढी गावातल्या पेंटरकडून, नाहीतर सुरेख अक्षराच्या मावशीकडून लिहून घ्या.