अकस्मात् निजणारा लॅपटॉप

लॅपटॉप चालतां चालतां अकस्मात् निजला, म्हणजे घरोघर एकच निदान होतें : बॅटरी गेली. मग नवी बॅटरी येते, पैसे खर्च होतात, आणि दोन दिवसांनीं यंत्र पुन्हां डोळे मिटतें. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा हा प्रकार टाळावयाचा असेल, तर एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. यंत्र आपखुषीनें निजत नाहीं. त्याला निजण्याची आज्ञा मिळालेली असते. ती आज्ञा कोणाची, एवढेंच शोधावयाचें आहे.

प्रथम झोप आणि मूर्च्छा यांतील भेद पाहूं. कळ दाबल्यावर अर्धवट लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पुढें आला, तर ती झोप. यंत्र मुळापासून सुरू झालें आणि न जपलेला मजकूर नाहींसा झाला, तर ती मूर्च्छा. मूर्च्छेचें कारण बहुधा उष्णता, जीर्ण बॅटरी किंवा वीजपुरवठ्यांतील दोष. तेथें कारागिराकडेच जावें. झोपेचा तपास मात्र घरींच करतां येतो.

आज्ञा देणारे मुख्यतः तीन. पहिलें घड्याळ. ठराविक मिनिटें कोणी कळफळ्याला स्पर्श केला नाहीं, कीं यंत्र निजतें. ही मुदत एक नसून दोन असतात : भिंतींतील वीज चालूं असतांना एक आणि बॅटरीवर असतांना दुसरी, बहुधा आंखूड. चार्जरची पिन सैल असली, तर यंत्र नकळत बॅटरीवर जातें आणि आंखूड मुदत लागू होते. दुसरी बॅटरी. तिचा सांठा अगदीं तळाला गेला, कीं काम वांचविण्यासाठीं यंत्राला निजविलें जातें.

तिसरें झांकण, आणि खरी फसगत येथेंच होते. झांकण मिटलें हें यंत्राला कळतें कसें ? पुष्कळ लॅपटॉपांच्या झांकणांत चिमुकला लोहचुंबक आणि खालच्या भागांत एक संवेदक बसविलेला असतो. १८७९ सालीं एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें सोन्याच्या वर्खावर प्रयोग करून दाखविलें, कीं वीज वाहणाऱ्या पत्र्यावर चुंबकाचा प्रभाव पडला, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेनें विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा संवेदक बहुधा याच तत्त्वावर चालतो. परंतु जवळ आलेला चुंबक घरचा कीं परका, हें त्याला ओळखतां येत नाहीं. मनगटावरील घड्याळाचा चुंबकी पट्टा, मोबाईलच्या पाकिटांतील चुंबक, किंवा खालीं ठेवलेला दुसरा मिटलेला लॅपटॉप, यांपैकीं कांहींही जवळ आलें, कीं झांकण मिटल्याचा त्याला भास होतो. हात टेकून लिहितांनाच यंत्र निजत असेल, तर आधीं मनगट तपासावें !

सुदैवानें यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असतें. विंडोजच्या यंत्रांत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या विभागांत ‘कर्नल-पॉवर’ नांवाच्या नोंदी पाहाव्या. झोपेची नोंद ४२ क्रमांकाची असते. ‘मॉडर्न स्टँडबाय’ या नव्या पद्धतीच्या झोपेची ५०६ क्रमांकाची. तींत कारणही सांपडतें. ‘आयडल’ म्हणजे घड्याळ, ‘लिड’ म्हणजे झांकण, ‘बॅटरी’ म्हणजे बॅटरी. झांकणाचा संशय आला, तर ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें झांकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ ही योजना करून एक दिवस पाहावें. झोप थांबली, तर गुन्हेगार सांपडला. या मुदतींत मिटलेलें यंत्र पिशवींत मात्र ठेवूं नये. तें जागेंच राहून तापेल. प्रयोग संपतांच पूर्वीची व्यवस्था करावी.

परका चुंबक जवळ नसूनही झांकणाचीच नोंद येत असेल, तर संवेदक बिघडला असण्याचा संभव आहे. तेव्हां कारागिराकडे अवश्य जावें. पण ती नोंद त्याला दाखवावी, म्हणजे बॅटरीचा व्यर्थ खर्च टळेल. आज मुलांच्या परीक्षा आणि नोकरीच्या मुलाखती या यंत्रापुढें बसून होतात. ऐन प्रश्नाच्या वेळीं पडदा काळा झाला, तर गेलेली मिनिटें परत मिळतीलच असें नाहीं. म्हणून हा अर्ध्या तासाचा तपास परीक्षेच्या दिवशीं नव्हे, तर आठवडाभर आधीं करून ठेवावा.