आजीची आठवण आणि एसएसडीचा वेग

गेल्या वर्षी आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून जुन्या फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. नऊशेच्या आसपास फोटो स्कॅन झाले. पण त्यातली निम्मी माणसं कोण, हे फक्त आजीलाच ठाऊक. म्हणून रोज जेवणं झाली की तिला शेजारी बसवून लाइटरूममध्ये एकेक फोटो उघडायचो. पुढचा फोटो स्पष्ट दिसेपर्यंत आजी पेंगायला लागायची!

"नवा लॅपटॉप घेऊन टाक," दादा म्हणाला. मी आधी टास्क मॅनेजर उघडून बघितला. प्रोसेसर जवळपास रिकामा आणि डिस्क मात्र 100 टक्के. दुखणं कुठे आहे ते कळलं. जुनी हार्ड डिस्क काढून 500 जीबीची साटा एसएसडी बसवली.

फरक का पडतो? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हेडला दरवेळी योग्य जागी जावं लागतं. त्यात साधारण 10 मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारं काहीच नसतं; तेच काम 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास होतं. लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू म्हणजे हजारो छोटी वाचनं, त्यामुळे फायदा लगेच जाणवतो.

पण एसएसडी म्हणजे जादूची कांडी नव्हे. डाग काढणं, नॉइज कमी करणं, एक्सपोर्ट ही कामं मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चालतात. बजेट कमी असेल तर सॉफ्टवेअर, कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि कॅश एसएसडीवर ठेवा. मूळ फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर राहिले तरी चालतं.

आणि एक सावधगिरी. एसएसडी कधीकधी काही पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि तिच्यावरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं फार कठीण. वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायलाही ती योग्य नाही. म्हणून आमच्या फोटोंच्या तीन प्रती आहेत: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर. नावं कॅप्शनमध्ये लिहून कंट्रोल-एसने फाइलमध्येही सेव्ह केली, नाहीतर ती फक्त कॅटलॉगमध्येच राहतात.

आता फोटो झटकन उघडतो आणि आजी गोष्ट सांगायला लागते. साडेतीनशे नावं झाली आहेत. तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल, तर डिस्क जमेल तेव्हा बदला. पण आजीला आजच विचारा.