ज्वारींतील करडा पतंग

गेल्या वैशाखांत आमच्या वडुजच्या घरीं एक लहानसा कलह उद्भवला. बळदांतून शाळू काढतांना दाणे जाळीनें एकमेकांस चिकटलेले निघाले आणि भोंवतीं करडे, चिमुकले पतंग भिरभिरूं लागले. "झांकण उघडें टाकलेंस ना?" असें म्हणून आमच्या कुटुंबानें सारा दोष सूनबाईंच्या माथीं मारला. त्या बिचाऱ्या डोळे पुसून गप्प राहिल्या. जन्मभर शाळामास्तरकी केलेली, तेव्हां न्यायनिवाडा आमच्याकडे आला. परंतु आरोपीची चौकशी केल्यावांचून निकाल कसा द्यावा? आम्हीं चार पतंग धरून भरडलेल्या ज्वारीच्या बरणींत सोडले, तोंडाला मलमल बांधली आणि नातवंडांसह रोज पाहूं लागलों.

शास्त्रज्ञ या पतंगास 'कॉर्सिरा' म्हणतात. स्टेंटन नामक इंग्रज पंडितानें १८६६ सालीं याचें वर्णन केलें. पंख पसरले असतां हा अर्धा ते एक इंच भरतो. मादीच्या तोंडापुढें चोंचीसारखा लांब अवयव दिसतो. नराचा आखूड व बोथट असतो. नवल असें कीं, हा पतंग धान्याचा कणही खात नाहीं. त्याचें आयुष्य आठपंधरा दिवसांचें. तेवढ्यांत मादी शंभर-दीडशें अंडीं घालते. चार ते सात दिवसांनीं अळी निघते, आणि सारा खादाडपणा तिचा. ती रेशमी धाग्यानें दाणे गुंफून त्या बोगद्यांत राहते. अखंड दाण्यापेक्षां फुटका दाणा, कळणा व पीठ तिला अधिक मानवतें. सुमारें महिन्यानें ती कोश करते व आणखी दहाएक दिवसांनीं नवा पतंग उडतो.

आमच्या बरणींत हा फेरा दीड महिन्यांत पुरा झाला. मग पंचांग उघडून आम्हीं उलट दिवस मोजले. वैशाखांत उडालेल्या पतंगांचीं अंडीं फाल्गुनांत घातलेलीं असलीं पाहिजेत. त्या वेळीं सूनबाई बाळंतपणासाठीं माहेरीं होत्या! आणि बळदांत नवी ज्वारी ओतली होती कोणी? आम्हीच. तळाचा गतवर्षींचा कळणा झाडण्याचा आळस केला होता, तोही आम्हीच. सर्व मंडळींसमक्ष आम्हीं तसें कबूल केलें. सूनबाई हंसल्या, कुटुंबानेंही दुसऱ्या दिवशीं त्यांच्या हातीं बळदाची किल्ली दिली.

या पतंगास केवळ शत्रु म्हणणेंही अन्यायाचें होईल. प्रयोगशाळांतून याला मुद्दाम वाढवितात. याच्या अंड्यांवर 'ट्रायकोग्रामा' नांवाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी पोसतात आणि तीं अंडीं कागदावर चिकटवून उसाच्या शेतांत लावतात. माशी बाहेर पडून खोडकिड्याचीं अंडीं नष्ट करते.

घरीं मात्र त्यास थारा देऊं नये. नवें धान्य भरण्यापूर्वीं बळद कानाकोपऱ्यांसह झाडावें, दाणा कडक उन्हांत वाळवून निववावा, जुन्यांत नवा मिसळूं नये आणि झांकण घट्ट बसवावें. आणि पुन्हां जाळी दिसलीच, तर कोणास बोल लावण्यापूर्वीं दीड महिना मागें मोजून पाहावें.