आधी बेलचा, मग बंदूक

पायदळाच्या जवानाचा लढाईतला बहुतेक वेळ माती खणण्यात जातो. उरलेला चालण्यात आणि वाट बघण्यात. प्रत्यक्ष गोळीबाराच्या वाट्याला फार थोडा येतो. शाळेत २६ जानेवारीला झेंड्याला बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" मी त्यांना मोर्चा कसा खणायचा ते सांगतो. मुलं जरा हिरमुसतात, पण मी सांगतो ते खरं आहे. मी आज जिवंत आहे त्याला माझ्या बंदुकीइतकाच माझा बेलचाही कारण आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचा. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण. फौजेत तिला जंगी पलटण म्हणतात. माण तालुक्यातून बेळगावच्या सेंटरला गेलो तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात रायफल हातात येईल. हातात आली गैंती आणि बेलचा. उस्ताद म्हणायचे, शत्रूचा तोफगोळा तुझी छाती किती रुंद आहे ते विचारत नाही, तू जमिनीच्या वर आहेस की खाली एवढंच बघतो. बेळगावच्या तांबड्या मातीत खणून तळहाताची सालं निघाली, फोड फुटले, त्यावर नवी कातडी आली. त्या नव्या कातडीनिशी आम्ही सीमेवर गेलो.

दोन माणसांचा मोर्चा म्हणजे साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि उभं राहिल्यावर छातीपर्यंत खोल असा चर. ऐकायला सोपं वाटतं. पण खणायच्या आधी पोटावर पडून, डोळा जमिनीलगत आणून समोर बघावं लागतं. उभ्याने जे शेत सपाट दिसतं, त्यात झोपून बघितल्यावर दहा ठिकाणी खोलगट जागा सापडतात, आणि तिथून माणूस रांगत येऊ शकतो. जागा ठरली की वरची हिरवळ चौकोनी ढेकळांसकट कापून बाजूला ठेवायची. शेवटी ताज्या मातीवर तीच पसरायची असते, नाहीतर ओली माती विमानातूनसुद्धा दिसते. मग आधी फक्त आडवं पडता येईल एवढं खणायचं, म्हणजे मध्येच गोळे पडू लागले तर निदान अंग झाकेल. निघालेली माती समोर आणि मागे टाकायची आणि पायाने तुडवून घट्ट करायची. समोरचा बांध तीन फूट जाड हवा, त्याहून कमी असला तर रायफलची गोळी आरपार येते. बांधाच्या आत कोपर टेकायला एक पायरी ठेवायची. हे सगळं रात्री, न बोलता, गैंती दगडावर वाजू न देता. आणि दिवसभर चालून आल्यावर.

खणून झालं की खुंट्या. हे काम फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक मोर्च्याला ठरावीक पट्टा नेमून दिलेला असतो: या झाडापासून त्या बांधापर्यंत तुझं, पुढचं शेजारच्याचं. दिवसा ते दिसतं. काळ्याकुट्ट अंधारात, कानठळ्या बसत असताना, समोरून आरोळ्या येत असताना माणसाला डावं-उजवं कळत नाही. म्हणून बांधावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन खुंट्या ठोकतात. बंदुकीची नळी त्यांच्या पलीकडे वळूच शकत नाही. माझी गोळी माझ्याच शेजारच्या सेक्शनला लागू नये, याची हमी हातभर लांबीच्या त्या दोन लाकडांवर असते. दिवसाउजेडी मी त्या ठोकल्या की माझा जोडीदार त्या हलवून बघायचा. त्याने ठोकल्या की मी.

१९७१च्या डिसेंबरात आमची ९५ माउंटन ब्रिगेड मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली. कमालपूरचं ठाणं ४ तारखेला शरण आलं, मग बक्षीगंज, आणि पुढे ब्रह्मपुत्रेच्या काठचं जमालपूर. तिथे पाकिस्तानची ३१ बलूच पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. समोरून धडक मारली असती तर फार माणसं गेली असती. म्हणून नदी ओलांडून शहराच्या मागे जायचं आणि टांगाईल-ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसायचं ठरलं.

त्या नदीबद्दल सांगायलाच हवं. आमच्यातले कितीतरी जण माण-खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी मुलखातले. विहिरीला पाणी नाही, तिथे पोहायला कोण शिकणार? अंगावर एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन, भरलेली मॅगझिनं, पाठीवरचा पिट्टू, बेलचा, आणि समोर धुक्यात न दिसणारा काठ. गावकऱ्यांच्या होड्यांतून आम्ही गेलो. पाकिस्तानी फौजेशी लढणाऱ्या बंगाली मुक्तीवाहिनीची पोरं वाट दाखवायला होती. होडी डुचमळली की मला जी भीती वाटली, तशी पुढे गोळ्यांचीही वाटली नाही. कोकणातली मुलं मात्र निवांत बसली होती. माझा जोडीदार कोकणातलाच. त्याने माझ्या पिट्टूचा पट्टा सैल केला आणि म्हणाला, "होडी उलटलीच तर आधी हे सोड, मग मला धर."

रस्त्यावर पोचल्यावर पुन्हा खणायचं. तिथली माती आमच्या ओळखीची नव्हती. गाळाची, भुसभुशीत, बेलचा लोण्यात शिरावा तसा शिरायचा, आणि तितक्याच सहज भिंत आत ढासळायची. गावातल्या बांबूच्या तट्ट्या आणून भिंतींना आतून टेकू दिला तेव्हा कुठे मोर्चा उभा राहिला.

९ तारखेला आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं होतं. ते घेऊन गेला तो तिथलाच एक जण, जोहल हक मुन्शी. उत्तरात एक गोळी कागदात गुंडाळून आली. आम्हा जवानांना हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच माहीत होतं, की जमालपूरचे पाकिस्तानी याच रस्त्याने बाहेर पडायचा प्रयत्न करणार.

१० तारखेच्या रात्री ते आले. रस्त्यावरून, बरेच जण, पावलांचा आवाज आधी. आमच्या पलटणीचे कमांडर कर्नल ब्रार साहेब यांचा हुकूम होता, इशारा मिळाल्याशिवाय एकही गोळी सुटता कामा नये. घोडा दाबणं सोपं असतं. बोट घोड्यावर ठेवून न दाबणं हेच पायदळाचं खरं शिक्षण, आणि ते शिकायला वर्षं लागतात. इशारा झाला आणि गोळीबार पहाटेपर्यंत थांबला नाही. एक लाट परतवली की थोड्या वेळाने दुसरी. मध्येच ओळीच्या एका टोकाकडून 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ऐकू यायचं आणि त्यावरून कळायचं, की तिकडचे अजून उभे आहेत.

मी एलएमजीचा एक नंबर, म्हणजे गोळ्या झाडणारा. जोडीदार दोन नंबर. एलएमजीचं मॅगझिन वरून बसतं. ते रिकामं झालं की दोन नंबरने डावीकडून हात घालून काढायचं आणि भरलेलं चढवायचं. सराव असा होता की मला मान वळवावी लागत नसे. दोन नंबरची जागा बंदुकीच्या डावीकडेच असते, ड्रिल तशी आहे. उजाडायच्या थोडं आधी मी हात वर केला, आणि मॅगझिन आलं नाही. त्या वेळी गोळी डावीकडून आली होती.

त्या रात्रीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तो माझ्याहून चपळ होता. डोकं माझ्याइतकंच खाली ठेवायचा. खणायला तर माझ्यापेक्षा चांगला. मोर्चा एक, खुंट्या त्याच, बांधही तेवढाच जाड. लढाईतून परतलेल्या माणसाला लोक हुशार समजतात, नशीबवान म्हणतात, देवाची कृपा म्हणतात. देवाची कृपा म्हटलं तर मग त्याच्यावर का नव्हती, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते मी देऊ शकत नाही. नीट खणलं, बंदूक कोरडी ठेवली, खुंट्या पक्क्या ठोकल्या, की मरणाच्या वाटा कमी होतात. सगळ्या बंद होत नाहीत. यापलीकडे मला काही सापडलेलं नाही. जो गेला त्याचं काही चुकलं असं मात्र कुणी म्हणू नये. मी ते ऐकून घेत नाही.

सकाळी जमालपूर पडलं. रस्त्यावर आणि शेतात शत्रूचे दोनशेहून जास्त जवान मरून पडले होते. आम्ही पुन्हा बेलचे घेतले आणि त्यांना पुरलं. त्यांच्यातल्या एकाच्या तळहातावर आमच्यासारखेच घट्टे होते. ते बघून माझ्या मनातला सगळा राग गेला, तो पुन्हा कधी आला नाही. आमच्या माणसांना आम्हीच अग्नी दिला. त्या काळी रणांगणावरून देह घरी पाठवत नसत. तिरंग्यात लपेटून जवान गावी येऊ लागले ते १९९९च्या कारगिलपासून. १९७१ला घरी तार जायची, मागाहून अस्थी. सुट्टीवर आल्यावर मी जोडीदाराच्या घरी गेलो. त्याच्या आईने लढाईचं काहीच विचारलं नाही. "अग्नी कुणी दिला?" एवढंच. मी दिला, म्हणून सांगितलं. तिने मला जेवू घातलं.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शस्त्रं खाली ठेवली. ती बातमी ऐकून आमच्यातले कित्येक जण होते तिथेच झोपले. मी बंदूक साफ केली. नळीतून तेलाची चिंधी ओढली, मॅगझिनं रिकामी करून स्प्रिंगा तपासल्या. जोडीदाराच्या वाटणीचीसुद्धा.

हल्ली आमच्याकडे गावोगावी भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. पहाटे रस्त्यावर पोरं १६०० मीटर धावताना दिसतात. त्यांचं मला कौतुक आहे. घरची गरिबी मोडायची म्हणून ती धावतात, आम्हीही तसेच गेलो होतो. पण पोरांनो, नुसतं धावून भागणार नाही. पोहायला शिका, गावात पाणी नसेल तर पाहुण्यांकडे जाऊन शिका. उन्हाळ्यात बापाबरोबर शेतात चर खणा, गैंतीने हात घट्ट करून घ्या. रक्त थांबवायची पट्टी कशी बांधतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. आणि शेजारच्याने ठोकलेली खुंटी हलवून बघायची सवय आत्तापासून लावा.