जळालेली मोटर, सरळ टेबल

"मोटर जळली आहे, बाकी मशीन एकदम ओके." जुनं लाकूडकामाचं मशीन विकणारा माणूस कुठलाही असो, त्याचं पहिलं वाक्य हेच असतं. सालेकसातल्या एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे, टिनाच्या शेडमध्ये, तेच वाक्य ऐकू आलं. बोलणारा दुकानमालकाचा मुलगा. ऐकणारे एक सुतार मिस्त्री, वय साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल. दोघांच्या मध्ये भुश्शाने माखलेलं टेबल सॉ. इथे सगळे त्याला 'कटर' म्हणतात. किंमत सांगितली 18 हजार.

संपादकांनी मला पाठवलं होतं जंगलाच्या कडेला सुतारकी कशी तगून आहे ते पाहायला. तालुक्याची ओळख कोणीही पटकन करून देतो. 1999 साली भंडाऱ्यातून निघालेल्या गोंदिया जिल्ह्याचं हे पूर्वेकडचं टोक, पलीकडे छत्तीसगड. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग गावातून जातो, पुढे दरेकसाच्या डोंगरात बोगदा आणि हाजरा फॉलचा धबधबा, माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे निघणारी गोंड समाजाची यात्रा. भोवती सागवान, बिजा, ऐन, मोह. लाकडाला तोटा नाही असं पाहुण्याला वाटतं. ते कापायला काय लागतं, हे शेडमध्ये शिरल्यावर कळलं.

गोल पात्याची करवत जुनी. 1777 मध्ये इंग्लंडच्या सॅम्युअल मिलरच्या पेटंटात तिचा उल्लेख येतो, 1906 मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फने सरकत्या टेबलाचं मशीन आणलं. आपल्याकडच्या मिस्त्रींपर्यंत पोचलं ते राजकोट-बटाल्याकडच्या ओतशाळांमधून निघणारं साधं, वजनदार देशी रूप: वर बिडाचं टेबल, खाली शाफ्ट, पट्टा आणि मोटर. शेडमधलं मशीन याच जातीचं होतं. नावाची पट्टी कधीच गळून पडलेली.

मिस्त्रींनी मोटरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मोटर त भरून भेटते जी," ते मला म्हणाले. "टेबल भरून भेटत नाही."

त्यांनी आधी भुसा झटकला, घासलेटाच्या बोळ्याने टेबल पुसलं आणि पिशवीतून स्टीलची लांब पट्टी काढली. पट्टी कडेवर उभी धरून टेबलावर आडवी, उभी, मग दोन्ही तिरक्या कोनांत ठेवली. प्रत्येक वेळी खालून वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी सरकवून पाहिली. हा कागद मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. तीन कोपऱ्यांत तो अडला, चौथ्यात जेमतेम सरकला. मिस्त्रींनी मान हलवली. चालेल. टेबलाला तडा असता, मधे खोलगट असतं किंवा ब्लेडच्या खाचेजवळ कड तुटलेली असती, तर ते तिथूनच परत फिरले असते. बिडाच्या तड्याला वेल्डिंग करणारे असतात, पण ते टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

पुढची पंधरावीस मिनिटं मी जे पाहिलं, त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मिस्त्रींनी पट्टा उतरवला आणि ब्लेड हाताने फिरवलं. घरघर आली. "बेअरिंग गेले," ते म्हणाले, आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. दोन बेअरिंगं बाजारात मिळतात. मग त्यांनी बांबूची एक कामटी टेबलावर शिकंज्याने आवळली, टोक ब्लेडच्या अंगाला जेमतेम टेकेल अशी. ब्लेड सावकाश फिरवलं. एका जागी कामटी खरवडली, समोरच्या बाजूला ब्लेड आणि तिच्यात फट पडली. ब्लेड लहर मारत होतं.

मुलगा घाईने म्हणाला, "काका, ब्लेड जुनं आहे, नवीन टाकलं की झालं."

"असंल बाबू. पाहू नं."

जिथे कामटी खरवडली तिथे त्यांनी ब्लेडवर खडूची रेघ मारली आणि तीच रेघ पुढे शाफ्टच्या टोकावर ओढली. नट सैल केला. हा नट ब्लेड फिरण्याच्या उलट दिशेने आवळला जावा असे आटे पाडलेले असतात, त्यामुळे नवखा माणूस बरेचदा तो सोडवण्याऐवजी आणखी घट्ट करतो. मग शाफ्ट जागच्या जागी धरून ब्लेड पाव फेरा सरकवलं, नट आवळला, पुन्हा फिरवलं. आता दोन रेघा वेगळ्या झाल्या होत्या आणि प्रश्न एवढाच होता: कामटी कोणत्या रेघेजवळ खरवडते? ब्लेडवरच्या रेघेजवळ खरवडली तर वाकडेपण ब्लेडचं, ते फेकून द्यायचं. शाफ्टवरच्या रेघेजवळ खरवडली तर शाफ्ट वाकलेला किंवा ब्लेड जिला टेकतं ती त्याची कॉलर घासलेली, आणि मग लेथवाल्याकडच्या फेऱ्या सुरू.

कामटी ब्लेडच्या रेघेजवळ खरवडली. तरी मिस्त्री थांबले नाहीत. ब्लेड आणखी पाव फेरा सरकवून पुन्हा पाहिलं, मग ब्लेड काढून कॉलरवर बोट फिरवलं. डायल गेज त्यांच्याकडे नाही. पण दोष पात्यात की दांड्यात, हे सांगायला या पद्धतीला डायल गेजची गरज पडत नाही. मोठ्या कारखान्यांत महागड्या उपकरणांनिशी चाललेल्या तपासण्या मी पाहिल्या आहेत, इतका चोख तर्क क्वचित पाहिला.

इथवर सौदा मिस्त्रींच्या बाजूने झुकला होता. अडचणी सुरू झाल्या त्या मोटरीपासून, जिच्याकडे त्यांनी आधी दुर्लक्ष केलं होतं.

मोटरीची पाटी पुसल्यावर आकडे दिसले: 2 एचपी, 1440 फेरे, 415 व्होल्ट. 415 म्हणजे थ्री फेज. मिस्त्रींच्या दुकानात सिंगल फेजचं मीटर. थ्री फेज मोटर चालू असताना एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर ती ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं. ही बहुधा तशीच गेली असावी. भरून आणली तरी मिस्त्रींच्या उपयोगाची नाही. नवीन जोडणी घ्यायची तर अनामत, वाढीव स्थिर आकार आणि हेलपाटे. म्हणजे वेगळी सिंगल फेज मोटरच घ्यावी लागणार, आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की ती ब्लेडसकट कण्हणार.

दुसरी अडचण ब्लेडच्या मापाची, आणि ती मुलाच्या ध्यानीमनीही नव्हती. जंगलाच्या मुलखात लाकूड कापणारं यंत्र हा वनखात्याचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशाने जंगलातल्या आरागिरण्यांना केंद्राच्या मंजुरीविना चालायला बंदी केली, 2002 मध्ये नव्या गिरण्यांवर आणखी निर्बंध आले. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी छोट्या कारागिराला एक वाट मोकळी ठेवली: पट्टा-आरा नसेल, गोल पातं 30 सेंटिमीटरपेक्षा मोठं नसेल आणि माल वैध मार्गाने आणलेला, आधीच चिरलेला असेल, तर परवाना लागत नाही. या मशीनवर ब्लेड होतं 12 इंची. 12 इंच म्हणजे 30.48 सेंटिमीटर.

अर्ध्या सेंटिमीटरने कोणी पकडतं का, असं मुलाने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "पकडत नाही तोवर नाही." त्यांनी 10 इंची ब्लेड बसवायचं ठरवलं. त्याने कापाची खोली इंचभर कमी होते, चारऐवजी तीन. अडीच इंच जाडीच्या दाराच्या चौकटीला तीन पुरतात. ओंडका मात्र या टेबलावर कधीच चढवायचा नाही, तिथे मापाची सबब चालत नाही. लाकूड आणायचं तर पावती आणि वाहतूक परवाना जपून ठेवायचा.

तिसऱ्या अडचणीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि तिच्याबद्दल शेडमध्ये सर्वांत कमी बोलणं झालं. मशीनला गार्ड नव्हता, ब्लेडमागची उभी पट्टीही नव्हती. 1440 ची मोटर, शाफ्टवर मोटरीच्या पुलीच्या निम्म्या व्यासाची पुली, म्हणजे ब्लेडला मिनिटाला सुमारे 2,880 फेरे. या वेगात 12 इंची ब्लेडचे दात ताशी 165 किलोमीटरने धावतात, 10 इंचीचे 138 ने. चिरलेली फळी मागे मिटली किंवा गाईड आणि ब्लेडमध्ये अडकली, तर मागचे वर चढणारे दात तिला उचलतात आणि कारागिराच्या पोटावर फेकतात. फळी धरलेला हात ब्लेडवर जातो. मागची पट्टी चीर मिटू देत नाही. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन दरवर्षी सुमारे 30 हजार लोक दवाखान्यात जातात, आणि तिथे 1999 मध्ये स्टीफन गॅस यांनी शोधलेलं, बोट लागताच काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबवणारं तंत्रही आहे. आपल्याकडे बहुतेक गार्ड पहिल्याच महिन्यात काढून कोपऱ्यात टाकले जातात, कारण त्याने काम दिसत नाही.

मिस्त्रींच्या डाव्या हाताची तर्जनी पेऱ्याने आखूड आहे. कशाने, ते मी विचारलं नाही. पण हिशेबात पट्टी आणि गार्डच्या वेल्डिंगचे 1,200 त्यांनी मी न सांगताच धरले, आणि पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पण चिरेपेक्षा बारीक पाहिजे, हेही मुलाला बजावून सांगितलं.

हिशेब एका फळकुटावर झाला. सिंगल फेज मोटर 9,000, बेअरिंगं आणि पट्टा 900, कार्बाइड दातांचं 10 इंची ब्लेड 1,500, वेल्डिंग 1,200, हातगाडी आणि हमाली 800. बेरीज 13,400. मिस्त्री म्हणाले, "जळालेली मोटर तुह्याजवळच ठेव बाबू, तांब्याचे पैसे तुहेच. मशीनचे सात देतो." मुलगा आधी हसला, मग बारावर आला, मग दहावर. साडेसातला सौदा ठरला आणि 500 रुपये इसार दिला गेला. चालू होईपर्यंत मशीन 21 हजारांच्या आत बसेल.

माझ्या मते सौदा चांगला झाला. तुम्हीही असं मशीन पाहायला जाणार असाल, तर मोटरीची पाटी आधी वाचा, टेबलावर पट्टी उभी करा, दोन रेघांची परीक्षा करा आणि इसार देण्याआधी ब्लेडचं माप घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून या. टेबलाला तडा असेल किंवा शाफ्ट वाकलेला असेल, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.